अण्णांची वही

वारीला निघणाऱ्याला फार काही लागत नाही, असं म्हणतात. दोन जोड कपडे, एक पांघरूण, पावसाला प्लास्टिकचा कागद, गळ्यात माळ. चालणाऱ्यापुरतं ते खरंही आहे. पण दीडशे माणसांची दिंडी आळंदीहून पंढरपूरला पायी न्यायची, तर कुणाला तरी चैत्रातच हिशेब मांडायला बसावं लागतं. तांदूळ किती, राहुट्या किती, कुठल्या मुक्कामाला टँकर किती वाजता पोचेल, पाऊस लवकर लागला तर काळ्या रानात ट्रक रुतेल का, आणि पहाटे तीनला उठणाऱ्या बायकांनी जायचं कुठं. आमच्या दिंडीत हा हिशेब अण्णा मांडत. आता तो माझ्याकडे आला आहे. चैत्र लागला, त्यांची वही उघडली, की ज्यांच्यामुळे मी चालले आणि ज्यांच्यामुळे मी इतरांच्या चालण्याचा विचार करायला शिकले, त्या माणसाविषयी एकदा नीट लिहावं असं वाटत राहतं.

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं, द्राक्षाचं आणि बेदाण्याचं. दिंडी लहान, माऊलींच्या रथामागे चालणारी. वडील तिच्यात टाळकरी होते. ते गेले, त्याच्या पुढच्या चैत्रात मी त्यांच्या जागी चालायचं ठरवलं आणि भिसी, म्हणजे वारीतल्या जेवणा-मुक्कामाचे पैसे, भरायला अण्णांच्या घरी गेले. अण्णा दिंडीचे व्यवस्थापक. सोसायटीचं गोदाम सांभाळून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. त्यांनी पैसे घेतले, पावती फाडली आणि विचारलं, "रोज किती चालतेस पोरी?"

"शाळेत दिवसभर उभीच असते, अण्णा."

"उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं," ते म्हणाले आणि पावतीच्याच मागं लिहून दिलं. अक्षय्य तृतीयेपासून रोज पहाटे तासभर. पंधरा दिवसांनी दोन तास. पुढं एका रविवारी लांबचा पल्ला मारायचा आणि सोमवारी पहाटे पुन्हा तेवढंच चालायचं. ही सोमवारची गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. पहिल्या दिवशी सगळेच चालतात, वारी असते ती दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीला टेकवताना. ज्या चपलेनं चालणार तीच आत्तापासून घालायची, आळंदीत नवी चप्पल काढायची नाही. रात्री कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवायचे, कोरडे करून बोटांच्या बेचक्यांत खोबरेल लावायचं. फोड आलाच तर कातडी सोलायची नाही. सुई जाळावर धरून घ्यायची, दोरा ओवून आरपार काढायचा आणि दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी निचरत राहतं. मी पुढं पायांच्या काळजीवर बरंच काही वाचलं, पण त्या पावतीमागच्या आठ-दहा ओळींइतकं कामाचं फार थोडं सापडलं.

ट्रकमध्ये टाकायच्या पिशव्यांवर अण्णा स्वतः ऑइलपेंटनं आकडे घालत. माझ्या पिशवीवर त्यांनी सतरा घातला. तो वडिलांचा आकडा. मधल्या वारीत त्यांनी तो दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मलाही बोलायला सुचलं नाही.

पायी वारीचं नियोजन तारखेनं होत नाही, तिथीनं होतं. माऊलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, पंढरपुरात पोचायचं आषाढ शुद्ध दशमीला. मधल्या पंधरवड्यात एखादी तिथी वाढते, एखादी गळते, आणि मुक्कामांची बेरीज बदलते. लोणंदला कधी एक रात्र असते, कधी दोन. एक मुक्काम वाढला म्हणजे दीडशे माणसांच्या दोन पंगती वाढल्या. गुढीपाडव्याला नवं पंचांग घरात आलं की अण्णा पेन्सिल घेऊन आधी ज्येष्ठ-आषाढाचं पान काढत.

अधिक महिना आषाढी एकादशीच्या आधी पडला की सगळं पुढं सरकतं. 2015 ला एकादशी 27 जुलैला आली, 2018 ला 23 जुलैला. अशा वर्षी पेरण्या उरकून शेतकरी मोकळा असतो, भिसी भरणारे वाढतात, आणि चिखलही वाढतो. तेव्हा जादा ताडपत्री, जादा दोर, चर खणायला जादा कुदळी. उलट 2012 ला एकादशी 30 जूनलाच आली. पाऊस नव्हता. आमच्याकडं दुष्काळ, वाटेवर फलटण-माळशिरसच्या पट्ट्यातही पाण्याची ओढ. दिवेघाट चढून गेलं की एरवीसुद्धा पाऊस मागं राहतो, पुढचा सगळा मुलूख पर्जन्यछायेचा. त्या वर्षी अण्णांनी तांदूळ कमी केला, भाकरीचं पीठ वाढवलं, कारण भात शिजवायला पाणी लागतं आणि ताटं धुवायलाही. भाकरी हातावर घेऊन खाता येते. असा विचार करणारं माणूस पाठीशी आहे हे चालणाऱ्यांना कळतही नव्हतं. आम्ही उन्हाबद्दल बोलत होतो.

पुणे ते सासवड हा वाटेतला सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, आणि त्यात दिवेघाटाची चढण. बहुतेक वर्षी नेमकी त्याच दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी असते. म्हणजे सगळ्यात लांब चालायचं ते उपाशी पोटी. साबुदाण्याची खिचडी पहाटे दोनला करून दिली तर माणसं अर्धवट झोपेत ती खात नाहीत, आणि नंतर खायला हडपसरच्या गर्दीत बसायला जागा मिळत नाही. अण्णांनी यावर शोधलेलं उत्तर आमच्या गावातच होतं. माघ-फाल्गुनात शेडवर बेदाणा तयार होतो, तेव्हाच ते घरोघर सांगून ठेवत: "एकादशीचा वाटा काढून ठेवा." कुणी दोन किलो देई, कुणी पाच. पुण्याच्या मुक्कामी आदल्या रात्री बायका त्याच्या पुड्या बांधत. बेदाणे, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचा एक लाडू. पहाटे निघताना प्रत्येकाच्या हातात एक पुडी पडे. घाटात दम लागला की चार बेदाणे तोंडात टाकायचे. ज्याच्या शेडवरचे बेदाणे आपण खातो आहोत तो माणूस कदाचित कधीच वारीला आला नसेल. अण्णांच्या वहीत मात्र त्याचं नाव असे आणि द्वादशीला पारणं फिटलं की त्या सगळ्यांच्या नावानं एक नारळ फुटे.

मी काही वर्षं अशी पुडी खात, टाळाच्या नादात चालत होते. मुक्कामाला पोचावं तर राहुटी उभी, चहा तयार, सतरा नंबरची पिशवी ठरल्या खांबाशी ठेवलेली. मग एका वर्षी वाल्ह्याच्या मुक्कामी काकींना ताप भरला. काकी म्हणजे आमच्या भटारखान्याच्या प्रमुख. अण्णा रात्री राहुटीबाहेर येऊन म्हणाले, "उद्यापासून पुढं ट्रकवर येशील का? चालणं राहील तुझं."

मी हो म्हणाले, आणि तिथून पंढरपूरपर्यंतची ती वारी मी ट्रकवर केली. दिंडीच्या त्या बाजूशी माझी ओळख तेव्हा झाली.

पहाटे शेवटची पिशवी चढली की ट्रक हलवायचा. पालखी निघून रस्ता बंद व्हायच्या आत तो पुढं गेला पाहिजे. पालखीचा कर्णा तीनदा वाजतो, पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला रांगेत उभं राहायचं, तिसऱ्याला चालू लागायचं. आमचा ट्रक पहिल्या कर्ण्याच्याही आधी गेलेला असे. पुढच्या गावी दहाच्या आत पोचायचं आणि ज्या जागेवर वर्षानुवर्षं उतरतो तिथं उभं राहायचं.

नातेपुत्याला आदल्या रात्री पाऊस झालेला होता. अण्णा ट्रकमधून उतरले ते रानात न शिरता बांधावरच थांबले. टाच दाबून बघितली. मग पाण्याचा तांब्या मागितला आणि तो जमिनीवर हळूहळू ओतून पाणी कुठल्या अंगाला पळतं ते बघत राहिले. तीन ठिकाणी ओतलं. मग हातानं दाखवलं: राहुट्यांची तोंडं इकडं, चर तिकडून, चुलवाण त्या उंचवट्यावर, ट्रक डांबरीवरच. पोरं मेखा आणि घण घेऊन उतरली. मला वाटलं, आता चूल पेटवायची, कारण माणसं भुकेली येणार. अण्णा म्हणाले, "आधी बायकांचा आडोसा."

चार-सहा बांबू रोवले. जुन्या नऊवारी साड्या होत्या, गावातल्या बायकांनी दिलेल्या. त्या दुहेरी करून वाऱ्याकडं पाठ येईल अशा बांधल्या. अंघोळीचा आडोसा टँकरजवळ, दुसरा लांब, तिथं खणलेला चर, शेजारी मातीचा ढीग आणि पत्र्याचा डबा. अंधार पडायच्या आधी अण्णा स्वतः दिव्याची वायर घेऊन आले आणि बल्ब त्यांनी आडोशाच्या बाहेर, तोंडाशी टांगला. मी म्हणाले, आत लावला तर उजेड बरा पडेल. ते म्हणाले, "आत दिवा असला की सावली कापडावर पडते. बाहेरच्यांना दिसते. बाई मग जात नाही. रात्रभर कळ काढते आणि दुसऱ्या दिवशी पाणी पीत नाही, कुठं जावं लागेल म्हणून. आणि पाणी न पिता चालली की भोवळ येऊन पडते."

हे त्यांना कुणी सांगितलं, मी विचारलं. त्यांच्या आईनं. ती वारीला जात असे, पण सगळी वाट ती अर्ध्या तहानेनं चालायची, आणि हे तिनं मुलाला फार म्हातारपणी सांगितलं. अण्णांनी व्यवस्था हातात घेतली ती त्यानंतर.

पुढं वारीच्या वाटेवर फिरती शौचालयं आली आणि त्याचा सगळ्यात जास्त आनंद अण्णांना झाला. कुठल्या मुक्कामाला ती कोणत्या बाजूला उभी करतात, पाणी भरलेलं असतं का, याच्या नोंदी ते वहीत करू लागले. साड्यांचा आडोसा मात्र अंघोळीसाठी राहिला. तो आजही आम्ही आधी बांधतो.

काकींच्या जागी मी उभी राहिले म्हणजे खरा स्वयंपाक इतर बायकांनी केला. माझ्याकडं कोठी होती. शंभर माणसांना एका वेळच्या भाताला दहा किलो तांदूळ, बरोबर भाकरी असेल तर आठ. आमटीचं पाणी चालून येणाऱ्यांना थोडं खारटच लागतं, कारण अंगातलं मीठ घामावाटे गेलेलं असतं. रात्री पंगत उठल्यावर उद्याची डाळ निवडून ठेवायची. आणि शेवटी जेवायचं ते व्यवस्थेतल्या माणसांनी, उरलेलं. "उरलेलं" म्हणजे शिळं-पाकं नव्हे. अण्णा त्यांच्यासाठी एक पातेलं आधीच बाजूला काढून झाकून ठेवायला लावत. सेवेकरी उपाशी राहिला तर तिसऱ्या दिवशी तो चिडतो, आणि त्याचं चिडणं सगळ्या दिंडीला लागतं, हे त्यांचं म्हणणं. भक्तीच्या कामात इतका व्यवहार पाहणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

वारीची ही बाजू पहिल्यापासून आहे. हैबतबाबा आरफळकर साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. ते आळंदीला आले, माऊलींच्या चरणी राहिले, आणि 1832 च्या सुमारास त्यांनी माऊलींच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा आजच्या रूपात सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबूची व्यवस्था आली. दिंड्यांचे क्रम लागले, रथापुढं कोण आणि रथामागं कोण हे ठरलं, चोपदारांचा दंड आला. लष्करात आयुष्य काढलेल्या माणसाच्या हाताचा तो गुण आहे, असं मला वाटतं. लाखांचा समाज मुक्काम-दरमुक्काम हलवायचा तर उत्कट मन लागतंच, पण कुणीतरी पुढं जाऊन पाणी कुठं आहे ते बघावं लागतं. आळंदीच्या महाद्वारातल्या पायरीला हैबतबाबांचं नाव आहे. अण्णा त्या पायरीवर डोकं ठेवताना नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबत.

एका मुक्कामाला आमच्या जागेवर दुसऱ्या एका दिंडीच्या राहुट्या लागलेल्या होत्या. उन्हात ट्रक उभा, दीडशे माणसं वाटेवर. पोरं तापली. अण्णांनी त्यांना ट्रकमध्ये बसवलं आणि एकटेच गावात गेले. तासाभरानं ओढ्यापलीकडची एक जागा ठरवून आले. दुपारपर्यंत आम्ही तिथं उभे राहिलो. पण विणेकरीबुवांना ती गोष्ट लागली होती. संध्याकाळी समाज आरतीला सगळ्या दिंड्या पालखीतळावर जमल्या. चोपदारांनी दंड वर केला, "हो" झाला आणि हजारो टाळ एका क्षणात थांबले. आमच्या दिंडीचे थांबले नाहीत. ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं टाळ वाजवत राहायचं, अशी रीत आहे. एवढ्या शांततेत आपलेच टाळ वाजत असताना माझ्या अंगावर काटा आला होता. चोपदार आमच्याजवळ आले. बुवांनी जागेचं सांगितलं. चोपदारांनी व्यवस्थापक कोण म्हणून विचारलं, तेव्हा अण्णा पुढं होऊन वाकले आणि म्हणाले, "माऊली, माणसं जेवायला बसतील एवढी जागा मिळाली आहे. ती दिंडीही दमूनच आली असणार. आज त्यांना उठवू नका. पुढच्या वर्षीपुरती नोंद असावी." चोपदारांनी ती मान्य केली. टाळ थांबले, हरवल्या-सापडल्याची यादी वाचली गेली, उद्याची वेळ सांगितली गेली आणि आरती सुरू झाली.

परतताना बुवा जरा नाराज होते. अण्णा त्यांच्याशी काही बोलले नाहीत. रात्री पंगतीत बुवांना वाढायला स्वतः गेले.

एक गोष्ट मला राहून राहून खुपायची. अण्णांनी कित्येक वर्षांत रिंगण बघितलेलं नव्हतं. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण व्हायचं तेव्हा ते तरडगावात मेखा ठोकून घेत असायचे. सदाशिवनगरला माऊलींचा अश्व धावायचा तेव्हा ते माळशिरसला टँकरची वाट बघत असायचे. मी ट्रकवर जायला लागल्यावर एका वर्षी काकींनी आणि मी मिळून ठरवलं. नातेपुत्याहून निघताना काकी त्यांना म्हणाल्या, "आज माळशिरसचं आम्ही बघतो. तुम्ही टाळकऱ्यांबरोबर चालत या." ते ऐकेनात. आडोसा आधी, चर कुठून, टँकरवाल्याला फोन, हे सगळं त्यांनी आमच्याकडून वदवून घेतलं. मग धोतर वर खोचून निघाले.

त्या दिवशी आम्ही सगळं त्यांच्या पद्धतीनं केलं. तांब्यानं पाणी ओतूनसुद्धा बघितलं. तिन्हीसांजेला दिंडी आली. अण्णांच्या कपाळाला घोड्याच्या टापेखालची माती लावलेली होती आणि आवाज बसलेला होता. मी विचारलं, कसं झालं रिंगण? त्यांनी दोन्ही हात जोडले, डोळे भरून आले, आणि त्याच दमात म्हणाले, "पण चर थोडा उथळ झालाय. रात्री पाऊस आला तर पाणी आत येईल." कुदळ मागवून त्यांनी तो खोल करून घेतला. रात्री पाऊस आला.

2020 ला पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका दशमीला एसटीनं पंढरपूरला गेल्या. अण्णांनी त्या वर्षीही पंचांग काढून मुक्कामांच्या तिथी वहीत लिहिल्या होत्या. प्रत्येक मुक्कामाच्या दिवशी ते त्या त्या गावच्या यजमानांना फोन करत. ज्यांनी रान दिलं, विहीर दिली, ताकाची कळशी आणून ठेवली, त्या घरांना. "आज आम्ही तुमच्या दारात असतो. सगळे बरे आहात ना?" एवढंच. काही घरांत आजार होते, एका घरात माणूस गेलेलं होतं. तिथं ते बराच वेळ बोलले. दुसऱ्या वर्षीही पालख्या बसनंच गेल्या, फक्त वाखरीच्या पुढं थोडं चालणं झालं. 2022 ला पायी वारी पुन्हा सुरू झाली, पण तोवर अण्णा गेले होते.

त्यांच्या मुलानं वही माझ्याकडं आणून दिली. खाकी पुठ्ठ्याची, शिलाई उसवलेली, मध्ये मध्ये तेलाचे डाग. मुक्कामाला एक पान. जागा, पाणी, ट्रक कुठं लावायचा, गिरणी किती वाजता उघडते, डॉक्टरांचं घर कोणत्या गल्लीत. बाजूला वर्षावर्षाच्या बारीक टिपा: "विहिरीला काठ नाही, पोरांना सांगावे." "इथे मुंग्या फार, हळद टाकावी." "शाळेच्या खोल्या मिळतात, पण कुलपासाठी आदल्या दिवशी विचारावे." त्या वहीवर बोट ठेवत आम्ही 2022 ची वारी केली. दोन वर्षांच्या खंडानंतर माणसं नेहमीपेक्षा जास्त आली होती आणि मुक्कामागणिक मला कळत होतं की हे पान लिहिताना अण्णा इथं उभे होते, ऐन उन्हात.

वहीचं शेवटचं पान "देणं" या मथळ्याचं आहे. त्यात पैसे नाहीत; पैशांचा हिशेब वेगळ्या खतावणीत, तो दरवर्षी पौर्णिमेला गोपाळकाला झाला की चुकता. या पानावर घरं आहेत. "तरडगाव, मावशी: हळद दोन किलो, सून बाळंतीण, डिंक पाठवणे." "बरड: बेदाणे. मुलाला सांगलीत नोकरी बघणे." "वेळापूर: विहिरीचं पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत. पंढरीचा बुक्का नको म्हणाले, तुळशीचं रोप हवं." ज्या नोंदींपुढं बरोबरची खूण आहे त्या थोड्या. बऱ्याच उघड्या आहेत. अण्णांचा तो विसर नव्हता. एक देणं फिटलं की त्याच घरापुढं ते दुसरं लिहीत, म्हणजे पुढच्या वर्षी त्या दारात जायला कारण राहील.

माझं देणं त्यात कुठं लिहायचं हे मला ठरवता आलेलं नाही. सतरा नंबरची पिशवी, पावतीमागच्या ओळी, आडोशाबाहेरचा दिवा, हे कोणाच्या नावे टाकायचं? अण्णांच्या घरी दिवाळीला मी जाते, काकींना बघायलाही जाते. त्यानं मनाला बरं वाटतं, त्यापलीकडं काही नाही. एवढं केलं आहे की भिसी भरायला नवी बाई आली की मी तिला रोज किती चालतेस म्हणून विचारते आणि पावतीच्या मागं लिहून देते.

मध्यंतरी पालखी मार्ग बऱ्याच ठिकाणी चौपदरी झाला. रस्ता ऐसपैस झाला, गाड्यांची आणि माणसांची घुसमट कमी झाली. पण जुनी झाडं गेली. जिथं विसाव्याला सावली असायची तिथं आता भर दुपारी तापलेला रस्ता पायाखाली येतो, आणि वहीतल्या बऱ्याच खुणा निकामी झाल्या. "मोठ्या वडापासून डावीकडे" असं लिहिलेलं आहे, तिथं वड नाही. आमच्या एका मुक्कामाचं अर्धं रान रस्त्यात गेलं आणि त्या घरानं मागं सरकून नवं घर बांधलं. त्यांचा फोन लागत नव्हता. म्हणून चैत्रात मी आणि ट्रकचा ड्रायव्हर तिकडं जाऊन आलो. पिशवीत दोन किलो हळद आणि बेदाणे होते.

घर शोधायला दुपार गेली. दारात सून होती. मी गावाचं आणि दिंडीचं नाव सांगितलं, तशी ती आतून सासूबाईंना घेऊन आली. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी माझे हात चाचपले आणि विचारलं, "अण्णा कुठायत?" मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग सुनेला म्हणाल्या, "जागा दाखव त्यांना."

जागा पहिल्यापेक्षा निम्मी आहे. आठ राहुट्या लागतील, उरलेल्या चार शेजारच्या चुलतभावाच्या रानात लावायला तो तयार झाला. विहीर रस्त्यात गेली, पण बोअरला पाणी आहे आणि मोटर रात्री दहानंतर चालते. ट्रक आत येणार नाही. आडोशाला घरामागची भिंत मिळेल, म्हणजे बांबू तीन कमी लागतील. सुनेनं एक अट घातली: उसाच्या कडेनं कुणी जाऊ नये, सापाचं भय आहे. मी वही मांडीवर घेऊन जुन्या टिपांखाली हे सगळं लिहून घेतलं. वडाची खूण खोडली आणि तिथं "निळ्या टाकीच्या घरामागे" असं घातलं. निघताना सासूबाईंनी विचारलं, पुढच्या वेळी पंढरपूरहून येताना त्यांच्यासाठी चंद्रभागेचं पाणी आणता येईल का. मी शेवटचं पान काढलं आणि त्यांच्या नावापुढं ते लिहिलं.